तुळस म्हणजे भात नव्हे

खारघरच्या बाल्कन्यांत हल्ली आपोआप पाणी देणाऱ्या कुंड्या दिसायला लागल्यात. खाली टाकी, वर माती, मधे वात. विकणारा सांगतो, "झाड लागेल तेवढंच पाणी घेतं." हे वाक्य शेतीतल्या माणसाने तरी खपवून घेऊ नये.

पाणी वर चढवते ती वात आणि माती, दिव्यात तेल चढतं तसं. झाडाला नको असलं तरी कोकोपीट पीतच राहतं. मे महिन्यात हिशेब जुळतो, कारण पानांतून तेवढंच पाणी उडून जातं. पण जुलैत? हवा ओली, ऊन नाही, पानं पाणी सोडत नाहीत आणि खाली टाकी भरलेली. वाफसा येणार कधी? शेतात आपण वाफशाची वाट बघत बसतो, आणि इथे पैसे मोजून वाफसा घालवायचा!

खारघरच्या इमारतींखाली एके काळी भातखाचरं होती. भाताला पाण्यात उभं राहणं जमतं, त्याच्या मुळांत वरून हवा नेणाऱ्या पोकळ्या असतात. तुळस, कोरफड, जेड यांना ती सोय नाही. मुळं कुजली की पानं मलूल होतात, माणसाला वाटतं पाणी कमी पडलं, तो आणखी ओततो.

कुणी म्हणेल, कलमांच्या बुडाशी माठ पुरतो तेही हेच की. नाही हो. माठाभोवती मोकळी जमीन असते, जादा पाण्याला खाली वाट असते. कुंडीला तळ आहे.

त्यात क्षार. पाणी फक्त खालून वर येतं आणि उडून जातं, खताचे क्षार वरच साचतात. शिरोळ-मिरजेकडे उसाच्या जमिनी क्षारपड झाल्या, तोच प्रकार कुंडीत. महिन्यातून एकदा वरून भरपूर पाणी घालून टाकी ओतून द्यायलाच हवी. ओतताना आतून घासा, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी भिंतीला चिकटून कोरड्यातही काही महिने टिकतात.

कुंडी सरसकट वाईट नाही. उन्हाळ्यात आठवडाभर गावी जायचं असेल, नळाला पाणी कमी येत असेल, तर ती कामाची. नेचे, पीस लिली, पुदिना मजेत राहतात. खालच्या मजल्यावर पाणी गळत नाही, भांडणं वाचतात (हा फायदा विकणारे सांगत नाहीत, आणि तोच सगळ्यात खरा).

रोपवाटिकावाल्यांनो, विकताना एवढं तरी सांगा: पहिल्या पावसाला टाकी रिकामी करा, वात काढा, तळाचं बूच उघडं ठेवा. कोकोपीटमध्ये भाताचा तूस आणि विटेचे बारीक तुकडे मिसळा. ऑक्टोबरचं ऊन लागलं की मग परत टाकी भरा, तीसुद्धा मातीत बोट घालून बघितल्यावर.