कुंपणाच्या आतलं आणि बाहेरचं

मित्रहो, मी इंजिनिअरिंगची आणि लिहितेय मेडिकलवर! त्यात शाळा कॉन्व्हेंटची, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. पण विषय घराघरातला आहे. 'नीट'चा निकाल लागला की प्रत्येक खानदानात कोणीतरी कॉलेजांचा पसंतीक्रम भरायला बसतं. आमच्याकडे सध्या मावसबहीण बसली आहे. मामांचा सल्ला एका ओळीचा : "मागच्या वर्षीचा कट-ऑफ बघ, त्याच क्रमाने भर, संपलं."

मला हे पटत नाही. एम.बी.बी.एस. म्हणजे साडेचार वर्षं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप. भाड्याची खोली घेतानासुद्धा आपण पाणी किती वाजता येतं ते विचारतो. मग साडेपाच वर्षं जिथे काढायची, त्या जागेबद्दल काहीच विचारायचं नाही?

आपल्या नागपूरचंच बघा. 'मेडिकल' १९४७ पासूनचं. 'मेयो' रेल्वे स्टेशनजवळ, भर वस्तीत. 'एम्स' २०१८ मध्ये सुरू झालं. आज ते शहराबाहेर मिहानमध्ये दीडशे एकरांवर आहे. शहर एकच, पण तिन्हीकडचे दिवस सारखे कसे असतील? पलीकडे सेवाग्रामला १९६९ साली सुरू झालेलं कॉलेज आहे. तिथे अंगावर खादी, सुरुवातीलाच गांधीजींच्या आश्रमात शिबिर, आणि प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते. कोणाला हे जाचक वाटेल, तर कोणाला यातूनच डॉक्टर कशासाठी व्हायचं ते कळेल.

परिसर म्हणजे नुसती झाडं आणि बास्केटबॉलचं मैदान नव्हे. मेडिकलच्या विद्यार्थ्यासाठी पेशंट हाच मोठा परिसर. मेडिकलच्या ओपीडीत विदर्भातलेच नाही, तर मध्य प्रदेश, छत्तीसगडचेही पेशंट येतात. गर्दी, कलकल सगळं खरं, पण हात तिथेच तयार होतो. चकाचक इमारत आणि रिकामे वॉर्ड असतील तर शिकणार कोणाकडून?

दुसरी गोष्ट रात्रीची. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर.जी. कर कॉलेजात ड्युटीवरच्या डॉक्टर मुलीवर बलात्कार करून तिची हत्या झाली. तिला थोडा वेळ पडायला सेमिनार हॉल गाठावा लागला होता. त्यानंतर तरी वॉर्डपासून हॉस्टेलपर्यंत दिवे आहेत का, ड्युटी रूमला आतून कडी आहे का, हे विचारणं म्हणजे नखरे म्हणू नका. आणि हे प्रश्न फक्त मुलींच्या आईबापांनीच विचारायचे असंही नाही.

कोणी म्हणेल, बाप्पा, सीट मिळाली हेच नशीब! कबूल. रँक आणि फी आधी बघावीच लागते. सरकारी सीट सोडून कर्ज काढून बागेतल्या कॉलेजात जा, असं मी म्हणत नाही. पण रँकमध्ये आणि खिशात बसणारी चार-पाच नावं उरतातच ना? त्यांचा क्रम कट-ऑफने का ठरवायचा? दोन-चार मार्कांचा फरक म्हणजे कॉलेजचा दर्जा नव्हे.

म्हणून बहिणीला माझा सल्ला : यादी लॉक करण्याआधी जमेल तितकी कॉलेजं बघून ये. एकदा सकाळी ओपीडीच्या वेळेला, एकदा अंधार पडल्यावर. आणि माहितीपत्रकापेक्षा सेकंड इयरच्या पोरापोरींना विचार. फोटोतलं हॉस्टेल आणि खरं हॉस्टेल यातला फरक, वाचकहो, तुम्हा-आम्हाला वेगळा सांगायला नको!