फ्लेक्स नको, समितीचा बोर्ड दाखवा

स्पष्टच बोलतो, कुणाला झोंबलं तर झोंबू दे. 8 मार्च आला की गावभर ‘पहिली महिला’चे फ्लेक्स. त्यात न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांचाही फोटो असतो. त्यांनी केलं काय, हे मात्र कुणी लिहीत नाही.

मुंबई हायकोर्ट 1862 चं. तिथे पहिली महिला न्यायमूर्ती बसायला 1978 उजाडलं. त्या म्हणजे सुजाता मनोहर. 1994 मध्ये त्याच कोर्टाच्या पहिल्या महिला मुख्य न्यायमूर्ती झाल्या. दुसऱ्या, मंजुळा चेल्लूर, आल्या थेट 2016 मध्ये. मनोहर 1994 ते 1999 सुप्रीम कोर्टात होत्या, तेव्हा तिथे दुसरी एकही महिला न्यायमूर्ती नव्हती. एक बाई पोचली म्हणजे सगळ्यांची वाट मोकळी झाली, ही आपली सोयीची समजूत आहे.

आता खरं काम बघा. राजस्थानात बालविवाह रोखणाऱ्या भंवरीदेवींवर 1992 मध्ये सामूहिक बलात्कार झाला. त्यातून महिला संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या. 13 ऑगस्ट 1997 ला ‘विशाखा’चा निकाल आला. तिघांच्या त्या खंडपीठात मनोहर होत्या. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाला तर तक्रार ऐकायला समिती हवी, तिची अध्यक्ष बाईच हवी, हे तिथे ठरलं. संसदेला कायदा करायला त्यानंतर 16 वर्षं लागली, 2013 उजाडलं.

आणि आपण? दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर अंतर्गत समिती सक्तीची. नसेल तर 50 हजारांपर्यंत दंड. त्याहून लहान दुकान असो की घरकाम, त्यांच्यासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती. मी बातमीसाठी एका संस्थेत समितीची नावं विचारली, तर साहेब म्हणाले, ‘आमच्याकडे तसलं काही होत नाही हो.’ अहो, तक्रार ऐकायलाच कुणी नसेल तर ‘होत नाही’ हे तुम्हाला कळणार कसं?

पतसंस्था, कॉलेज, दवाखाना, कारखाना, आणि हो, आमची वर्तमानपत्रांची ऑफिसंसुद्धा यात आली. उद्या कामावर गेलात की भिंतीवर समितीचा बोर्ड शोधा. नसेल तर लेखी विचारा. एकट्या बाईला विचारायला लावू नका, पुरुषांनीही सही करा.

बोर्ड नसलेल्या संस्थेने पुढच्या 8 मार्चला साड्या वाटल्या, तर त्याची बातमी मी छापणार नाही.