शंकू चेंडू हिसकावीत नाहीत

गोवा शासनाने २०१२ साली फुटबॉलला राज्याच्या खेळाचा मान दिला. त्याचा आम्हांला आनंद आहे. परंतु हा खेळ आज मुलांना ज्या रीतीने शिकविला जातो, ती पाहून तो आनंद फार काळ टिकत नाही. एका रेषेत मांडलेले शंकू, त्यांमागे दहा-बारा मुलांची रांग. एक मूल चेंडू घेऊन नागमोडी धावते आणि बाकीची उन्हात ताटकळतात. या कवायतीस सराव म्हणण्यास आमचा स्पष्ट विरोध आहे.

फुटबॉलमध्ये पायांइतकेच काम डोळ्यांचे व बुद्धीचे असते. चेंडू पायाशी येण्यापूर्वीच मान वळवून आजूबाजूस पाहावे लागते. बचावपटूचा भार कोणत्या पायावर आहे, सहकारी कोणत्या मोकळ्या जागेकडे निघाला आहे, हे टिपून चेंडू पुढे न्यावा, द्यावा की गोलाकडे मारावा, हे क्षणार्धात ठरवावे लागते. शंकू मात्र जागचा हलत नाही, फसत नाही आणि फसवीतही नाही. मग मुलाने ठरवावे ते कशावरून? प्रतिस्पर्धी काढून घेतला की प्रश्नच नाहीसा होतो. उरते ते उत्तराचे पाठांतर.

इंग्लंडमधील फोर्ड, येट्स व विल्यम्स यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे आढळले की, तेथील मुलांच्या सरावाचा सुमारे ६५ टक्के वेळ अशा कवायतींत जात होता आणि प्रत्यक्ष खेळास उरत होता अवघा ३५ टक्के. पुढे २०१२ साली रोका, विल्यम्स व फोर्ड यांनी खेळाडूंचे बालपण तपासले, तेव्हा अचूक निर्णयशक्तीचा सर्वांत ठळक संबंध बालपणी स्वच्छंदपणे फुटबॉल खेळण्यात घालविलेल्या तासांशी दिसून आला.

गोमंतकीयांस यात नवल वाटू नये. भाताची कापणी झाली की मोकळ्या शेतांत अनवाणी खेळणाऱ्या मुलांस कोणी शिकवीत नसे. बांध हीच सीमा, जमीन खडबडीत, लहानथोर एकत्र, संघ विषम. साहजिकच चेंडू आला की दर वेळी नवा पेच उभा राहत असे, आणि तो ज्याचा त्यानेच सोडवायचा.

यावर काही प्रशिक्षक म्हणतील, ‘आधी पाया पक्का हवा.’ पुनरावृत्तीची आवश्यकता आम्हीही मानतो. परंतु बार्सिलोनाने नावारूपास आणलेला ‘रोंदो’ पाहावा: बाहेर वर्तुळात चौघे-पाचजण, आत चेंडू हिसकावू पाहणारे दोघे. चेंडू देण्याची उजळणी तेथेही शेकडो वेळा होते, पण प्रत्येक वेळी निर्णयासकट. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, हे ज्यांस मान्य आहे, त्यांनी काठावर हातपाय हलविण्याचे वर्ग तरी किती दिवस चालवावेत?

याहून घातक आहे तो कडेवरचा आरडाओरडा. ‘दे!’ ‘मार!’ असे ओरडणारा प्रशिक्षक मुलाच्या वाटचा निर्णय स्वतःच घेऊन टाकतो. आणि तो चुकला की बोल मात्र मुलास लावतो.

पालकांस आमचे सांगणे एवढेच, की शुल्क भरण्यापूर्वी एक दिवस मैदानावर उभे राहावे आणि आपले मूल किती वेळ खेळते व किती वेळ रांगेत असते, हे घड्याळ लावून पाहावे. प्रशिक्षकांनी चार विरुद्ध चार असे छोटे सामने लावावेत, मुलांस चुकू द्यावे, आणि शंकू मैदानाची सीमा दाखविण्यापुरतेच ठेवावेत.