भिंत मिळाली, पुढे काय?

समूह छायाचित्र प्रदर्शने वाढत आहेत. ती भरवणारे स्वयंसेवी गट मात्र टिकत नाहीत. अडचण केवळ पैशांची आहे काय?

दरवर्षी १९ ऑगस्टचा जागतिक छायाचित्रण दिन जवळ आला, की मुंबई-पुण्यापासून नाशिक, कोल्हापूर, नागपूरपर्यंत समूह छायाचित्र प्रदर्शनांची लगबग सुरू होते. १८३९ साली याच दिवशी दागेर यांची छायाचित्रण पद्धती पॅरिसमध्ये जगापुढे खुली करण्यात आली, त्याचे हे स्मरण. यातील बहुतेक प्रदर्शनांमागे ना शासन असते, ना एखादे नामवंत कलादालन. नोकरी-व्यवसाय सांभाळून कॅमेरा हाताळणारी पंधरा-वीस माणसे एकत्र येतात, वर्गणी काढतात, दालन आरक्षित करतात, स्वतःच चित्रे टांगतात आणि स्वतःच पाहुण्यांच्या चहाची व्यवस्था पाहतात. चार-पाच दिवसांनी प्रदर्शन उतरते. उद्घाटनाचे छायाचित्र स्थानिक वृत्तपत्रात येते. दोन-तीन वर्षांनी मात्र तो गट एकतर फुटलेला असतो, किंवा दोघा-तिघांच्या खांद्यांवर कसाबसा तगून असतो.

याचे कारण विचारले, की ‘पैसा नाही’ हे उत्तर ठरलेले. ते खोटे नाही; पण अपुरे आहे. पैसा अपुरा असतानाही काही गट इतिहासात नोंद व्हावी अशी प्रदर्शने उभी करू शकले आणि पैसा असूनही अनेक गट पहिल्याच वादात संपले. चित्रे कोणी निवडायची, खर्च कोणी उचलायचा, राबायचे कोणी आणि प्रदर्शन उतरल्यावर त्या चित्रांवर हक्क कोणाचा, या चार प्रश्नांची उत्तरे आधी ठरली नाहीत, की चांगल्या हेतूचे रूपांतर रुसव्याफुगव्यांत होते.

न्यूयॉर्कमधील रिकामे दुकान

स्वयंसेवी समूह प्रदर्शनाचे अलीकडच्या काळातील सर्वांत ठळक उदाहरण न्यूयॉर्कचे आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर सोहो भागातील प्रिन्स स्ट्रीटवरच्या एका रिकाम्या दुकानाच्या काचेवर मायकेल शुलान यांनी एक छायाचित्र चिकटवले. येणारे-जाणारे थांबू लागले. त्यातून शुलान, जिल पेरेस, चार्ल्स ट्रॉब आणि अ‍ॅलिस रोझ जॉर्ज या चौघांनी ‘हिअर इज न्यूयॉर्क’ हे प्रदर्शन उभे केले. हल्ल्याला जेमतेम दोन आठवडे होत असताना, २५ सप्टेंबरला ते खुले झाले. छायाचित्र कोणीही आणावे, असे आवाहन होते. नावाजलेले वृत्तछायाचित्रकार आले, तसे अग्निशामक दलाचे जवान, शिक्षक आणि शाळकरी मुलेही आली.

या प्रदर्शनाचे यश त्याच्या नियमांत होते. आलेले प्रत्येक चित्र स्कॅन करून एकाच प्रकारच्या कागदावर छापले जाई. चौकट नाही, शीर्षक नाही, छायाचित्रकाराचे नावही नाही. तारा बांधून त्यांवर चिमट्यांनी चित्रे लटकवलेली. कोणतेही चित्र घ्या, किंमत २५ डॉलर. आणि मिळणारा निधी मुलांसाठी काम करणाऱ्या मदत संस्थेला. एवढ्या थोड्या नियमांनी निवडीचा, पैशाचा आणि मानापमानाचा प्रश्न पहिल्याच दिवशी निकालात काढला. ख्यातनाम छायाचित्रकाराला दर्शनी भिंत आणि नवख्याला दाराआडचा कोपरा, असा भेद करायला जागाच उरली नाही. स्कॅनिंग, छपाई, विक्री ही सारी कामे स्वयंसेवकांनी केली. पुढे हे प्रदर्शन अनेक शहरांत गेले, २००२ मध्ये त्याचे पुस्तक निघाले आणि संग्रह न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीकडे सोपवण्यात आला. दुकान बंद झाले तरी चित्रे कोठे राहणार, याचेही उत्तर मिळाले.

अर्थात, हा नमुना जसाच्या तसा उचलता येणार नाही. शोकाच्या काळात नाव वगळणे सर्वांना मान्य झाले. एरवी ते होणार नाही, आणि होऊही नये. छायाचित्रकाराला मानधन मिळत नाही, निदान नाव तरी मिळावे, ही अपेक्षा रास्तच आहे. घेण्यासारखी गोष्ट निराळी आहे. नियम थोडे असावेत, सर्वांना सारखे असावेत आणि पहिले चित्र येण्यापूर्वी ठरलेले असावेत.

वर्गणी आणि निवड

आपल्याकडे नेमके उलट घडते. दालनाचे भाडे आणि अनामत, प्रिंट, माऊंटिंग किंवा फ्रेम, वाहतूक, निमंत्रणपत्रिका आणि उद्घाटन, एवढ्या खर्चासाठी सहभागी सदस्यांकडून समान वर्गणी घेतली जाते. वर्गणी भरली, की चित्र लागलेच पाहिजे, ही भावना स्वाभाविक आहे. परंतु त्याच क्षणी निवड संपते. भिंत चांगल्या चित्रांची राहत नाही, ती वर्गणीदारांची होते. याउलट निवड दोघा-चौघांच्या हाती दिली, तर कंपूशाहीचा आरोप ठरलेला. जो गट या दोन टोकांमध्ये वाट काढू शकत नाही, तो पहिल्या प्रदर्शनानंतर फुटतो.

वाट अवघड नाही. प्रत्येक सदस्याचे एक चित्र हमखास लागेल, उरलेल्या जागेसाठी मात्र नावे झाकून, गटाबाहेरच्या जाणकाराकडून निवड होईल, असे आरंभीच लिहून ठेवता येते. वर्गणी ही गटाच्या सदस्यत्वाची ठेवावी, चित्रागणिक आकारू नये. तसे केले, तर पैसे जास्त भरणाऱ्याला जास्त भिंत हा हिशेब उरत नाही. प्रायोजक घ्यायचा असेल, तर त्याचे फलक किती आणि कोठे, हेही आधीच ठरलेले बरे. प्रवेशद्वारावर प्रायोजकाचा भलामोठा फ्लेक्स आणि छायाचित्रकारांची नावे हस्तपत्रिकेच्या मागील पानावर बारीक टायपात, हे दृश्य दुर्मीळ नाही.

निवडीइतकाच जागेचा हिशेबही कठोर असतो. समजा, चाळीस जणांची प्रत्येकी तीन म्हणजे १२० चित्रे आहेत. १२ बाय १८ इंचांचे आडवे चित्र आणि दोन चित्रांमधील सहा इंचांचे अंतर धरले, तर एका चित्राला दोन फूट भिंत लागते. एका ओळीत लावायचे तर २४० फूट भिंत हवी, दोन ओळींत लावले तरी १२० फूट. दालन बघण्यापूर्वी हे गणित मांडले जात नाही. मग शेवटच्या रात्री चित्रांच्या तीन-तीन ओळी लागतात, वरची ओळ मान उंचावल्याखेरीज दिसत नाही आणि खालच्या ओळीसाठी वाकावे लागते.

न दिसणारे श्रम

स्वयंसेवी या शब्दात आणखी एक फसवणूक दडलेली आहे. काम फुकट होते, म्हणून ते मोजले जात नाही. सात दिवसांचे प्रदर्शन, रोज आठ तास आणि दालनात किमान दोन माणसे, एवढे धरले तरी केवळ बसण्याचे ११२ तास होतात. चित्रांच्या फायली गोळा करणे, त्यांचे आकार जुळवणे, लॅबच्या खेपा, मथळ्यांतील चुका सुधारणे आणि प्रदर्शन उतरवल्यावर प्रत्येकाचे चित्र त्याच्याकडे पोहोचते करणे, हे तास वेगळेच. या श्रमांची वाटणी बहुधा संकोचाने होते. ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, त्याच्याकडे काम साचते. दुसऱ्या वर्षी तोच माणूस बाजूला होतो आणि गटाची पाठ मोडते.

छायाचित्रांबरोबर कामाच्या तासांचाही तक्ता भिंतीवर लावला, तर अनेक वाद मिटतील. ज्याला वर्गणी झेपत नाही त्या तरुण सदस्याने श्रम द्यावेत आणि ते वर्गणीत मोजले जावेत, ही सोयही त्यातून होऊ शकते. तसे न झाल्यास महागडा कॅमेरा आणि मोकळा वेळ असणाऱ्यांपुरतेच हे गट मर्यादित राहतात. आज बऱ्यापैकी कॅमेरा प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे. तरीही भिंतीपर्यंत पोहोचणारी नावे तीच ती असतील, तर त्यामागे हे एक कारण आहे.

चित्रातील माणसे कोठे आहेत?

समूह प्रदर्शनांतील विषय पाहिले, तर काही प्रतिमा हमखास भेटतात. वारीतील सुरकुतलेला चेहरा, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली बाई, झोपडपट्टीतील हसरी मुले, मिठागरातील मजूर. ही माणसे प्रदर्शन पाहायला येत नाहीत; बहुतेकांना आपण भिंतीवर आहोत याची कल्पनाही नसते. हा प्रश्न नवा नाही. १९३६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेली ‘फोटो लीग’ ही सभासदांनीच चालवलेली संस्था होती. तिच्या एका गटाने अ‍ॅरन सिस्किंड यांच्या पुढाकाराने हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीचे चित्रण केले. हेतू सहानुभूतीचा होता. पण छायाचित्रकार बहुतांशी गोरे होते, आणि त्या वस्तीतील दैन्यच त्यांनी अधिक पाहिले, अशी टीका पुढे झाली. फोटो लीगला डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकी शासनाने देशविघातक संस्थांच्या यादीत टाकले आणि १९५१ मध्ये ती बंद पडली. शासनाच्या धसक्याने बंद पडलेल्या या संस्थेबद्दल आदर बाळगतानाही, तिच्यावरील ती टीका विसरता येत नाही.

नेपाळमध्ये याचे एक उत्तर शोधले गेले. एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर अवघ्या काही महिन्यांत, नोव्हेंबरमध्ये, ‘फोटो सर्कल’ या काठमांडूतील संस्थेने ‘फोटो काठमांडू’ हा महोत्सव भरवला. चित्रे पाटणच्या गल्ल्यांत, चौकांत आणि भिंतींवर लागली. ज्यांची घरे पडली होती, ती माणसे येता-जाता ती पाहू शकत होती. ढाक्यातील ‘द्रिक’ या संस्थेशी निगडित ‘छबी मेला’ने सायकलरिक्षांवर चित्रे लावून ती गल्लोगल्ली फिरवली. आपल्याकडे पी. साईनाथ यांचे ग्रामीण स्त्रियांच्या श्रमांवरील प्रदर्शन, ते एकट्याचे असले तरी, बसस्थानकांवर आणि कारखान्यांच्या दारांत मांडले गेले. वारीवरील समूह प्रदर्शन शहरातील वातानुकूलित दालनाआधी पंढरपुरात किंवा वाटेवरच्या एखाद्या गावात का लागू नये? त्याला फ्रेमची गरज नाही. सनबोर्ड आणि दोरी पुरते.

हक्क आणि कागद

हक्कांबाबत तर कमालीची बेफिकिरी आढळते. १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाल्यापासून छायाचित्रावरील हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे टिकतो. प्रदर्शनात लावण्याची संमती म्हणजे दिनदर्शिका, जाहिरात किंवा प्रायोजकाच्या कार्यालयातील भिंत यांची संमती नव्हे. प्रदर्शनासाठी दिलेली मोठी फाईल पुढे कोणाकडे राहणार, ती कधी पुसली जाणार, हे एका पानाच्या करारात लिहिता येते. मैत्रीत कागद कशाला, असा प्रश्न यावर विचारला जातो. मैत्री टिकावी म्हणूनच कागद लागतो, हा अनुभव मात्र सार्वत्रिक आहे.

कागदाचे महत्त्व मुंबईला तरी सांगायला नको. येथे १८५४ सालीच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय सदस्यांपैकी एक होते. या मंडळींविषयी आज काही सांगता येते, ते त्या संस्थेने आपल्या कामाची लेखी नोंद ठेवली म्हणून. दीडशे वर्षांनंतरच्या गटांची प्रदर्शने मात्र कोणाच्या तरी घरातील हार्ड डिस्कवर पडून असतात. ती बिघडली, की गटाचा इतिहासही जातो.

भिंतींचा प्रश्न

या साऱ्यात शासनाची आणि महापालिकांची जबाबदारी नाही, असे मात्र नव्हे. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून १९५२ मध्ये उभे राहिलेले मुंबईचे जहांगीर कलादालन आजही कलावंतांचे पहिले स्वप्न आहे आणि तेथील प्रतीक्षायादी वर्षांत मोजली जाते. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर आणि घोले रस्त्यावरील राजा रविवर्मा कलादालन, कोल्हापुरात शाहू स्मारक भवन, अशा मोजक्या जागांवर सगळा भार आहे. तालुक्याच्या ठिकाणी बहुधा शाळेचे सभागृह किंवा मंगल कार्यालय एवढाच पर्याय उरतो. सार्वजनिक वाचनालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके आणि नाट्यगृहांचे ओसाड सज्जे यांतील एकेक भिंत नोंदणी नसलेल्या गटांनाही नाममात्र शुल्कात, स्पष्ट वेळापत्रकानुसार मिळाली, तर त्यासाठी नव्या इमारतींची गरज पडणार नाही. परवानगीचा अर्ज कोणत्या टेबलावर द्यायचा, एवढे निश्चित झाले तरी निम्मा शीण वाचेल.

भिंत मिळाली, तरी तिच्यावर काय लागणार आणि ते कोणाच्या शब्दाने, हे गटालाच ठरवावे लागेल. येत्या १९ ऑगस्टची तयारी करणाऱ्या गटांनी दालनाची तारीख घेण्याआधी एक बैठक केवळ त्यासाठी घ्यावी. निवड, वर्गणी, कामाची वाटणी आणि चित्रांचा पुढचा ठिकाणा, एवढे चार मुद्दे कागदावर आले आणि त्याखाली सर्वांच्या सह्या झाल्या, तर पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनासाठी गट शिल्लक राहण्याची शक्यता बरीच वाढेल.