ठिपक्याला रंग कोण देतो?

काश्मिरात कानी शाल विणणाऱ्या कारागिरासमोर चित्र नसते. असतो तो सांकेतिक लिपीतला एक कागद. त्याला 'तालीम' म्हणतात. अमुक रंगाचे इतके धागे, पुढे तमुक रंगाचे इतके, असा हा मजकूर. ओळीमागून ओळ विणली गेली की शालीवर कोयऱ्या व वेली उमटतात. संगणकाच्या पडद्यावरील चित्रही याच कुळातले होय.

१९५७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र यंत्राकडून वाचवून घेतले. एका बाजूस १७६ ठिपके, म्हणजे अवघे ३०,९७६! आजच्या सर्वसाधारण पडद्यावर आडवे १९२० व उभे १०८० असे वीस लाखांहून अधिक ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग तीन आकड्यांनी सांगतात : लाल किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्या दरम्यान. त्यांतून १,६७,७७,२१६ रंग संभवतात. आपल्या भाषेत त्यांतल्या शंभरांनाही नावे नसतील.

परंतु प्रत्येक ठिपक्याचा रंग लिहून ठेवलाच पाहिजे असे नाही. एखादा नियम सांगितला तरी पुरते. मुलांच्या गणिताच्या वहीतील चौकटींचा कागद घ्यावा. रकान्याचा क्रमांक व ओळीचा क्रमांक यांची बेरीज सम आली तर चौकट कोरी ठेवावी, विषम आली तर काळी करावी. पाहता पाहता बुद्धिबळाचा पट तयार होतो. रकान्याच्या क्रमांकाबरोबर लाल रंगाचा आकडा वाढवीत नेला, तर डावीकडून उजवीकडे पहाट फुटल्यासारखी लाली चढते. मध्यबिंदूपासूनचे अंतर मोजून ठरावीक अंतराच्या आतील ठिपके रंगविले की झाले वर्तुळ. ध्यानात ठेवायचे ते इतकेच की, पडद्यावर ओळींची मोजणी बहुधा वरून खाली होते. शाळेतल्या आलेखात ती खालून वर असते. म्हणून नवशिक्याचा डोंगर पुष्कळदा उलटा लटकतो.

बेन्वा मँडेलब्रॉट यांनी १९८० मध्ये याच रीतीने गणितातील एक अद्भुत आकृती न्याहाळली. ठिपक्याच्या स्थानावरून एक संख्या घ्यायची. शून्यापासून आरंभ करून, आलेल्या उत्तराचा वर्ग करून त्यात ती संख्या मिळवायची, असे पुनःपुन्हा. कितव्या फेरीत उत्तर मर्यादेबाहेर पळाले, त्यावरून रंग. नियम एका ओळीचा, पण आकृतीच्या काठावरील नक्षी कितीही मोठी करून पाहिली तरी संपत नाही.

तथापि आकड्याला कोणता रंग द्यावा, हा प्रश्न केवळ शोभेचा नव्हे. उष्णता, पाऊस, रक्तप्रवाह अशा राशी दाखविताना पुष्कळ वर्षे इंद्रधनुष्याचे रंग वापरण्याचा प्रघात होता. ते दिसतात मोहक, पण हिरवा मोठा की पिवळा, हे डोळा आपण होऊन सांगू शकत नाही. शिवाय पिवळा पट्टा एकाएकी झळाळतो व जेथे सीमा नाही तेथे सीमा भासते. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०११ साली वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना हृदयाच्या रोहिणींची संगणकीय चित्रे दाखविली. इंद्रधनुषी रंगांच्या त्रिमितीय चित्रात त्यांना धोक्याच्या जागांपैकी ३९ टक्केच ओळखता आल्या; सपाट चित्र व दृष्टीला मानवणाऱ्या छटा दिल्यावर ९१ टक्के. रोहिण्या त्याच, आकडे तेच! रंग देणाऱ्याची जबाबदारी किती मोठी, हे यावरून कळावे.

२०१७ मध्ये 'मॅटप्लॉटलिब' या आलेख काढण्याच्या बहुप्रचलित साधनाने इंद्रधनुष्य बाजूस सारून गडद जांभळ्यापासून पिवळ्यापर्यंत सारख्या गतीने उजळत जाणारी रंगमाला मूळ म्हणून स्वीकारली. घरच्या घरी पारख करावयाची असल्यास पावसाचा एखादा रंगीत नकाशा काळ्या-पांढऱ्यात छापून पाहावा. रंगमाला चांगली असेल तर कमी-अधिक पाऊस तरीही ओळखता येतो. इंद्रधनुषी नकाशात मात्र दोन्ही टोकांचे गडद निळा व गडद लाल रंग सारखेच करडे होतात, आणि कोरडा तालुका कोणता व पुराचा कोणता, हे सांगता येत नाही.