डुलकीचा गुन्हेगार कोण?

ट्रकचालकाला डुलकी लागते, अपघात होतो, माणूस दगावतो. पोलीस भारतीय न्याय संहितेचे कलम 106 लावतात. निष्काळजीपणाने मृत्यू! वकील म्हणून आम्ही अशा प्रकरणांचे कागद पाहतो. चालक दारू प्याला होता का, हे त्यात असते. तो रात्री घोरतो का, हे नसते. प्रत्येक चालक निर्दोष असतो असे आमचे म्हणणे नाही. पण आजारी माणसाला बेफिकीर ठरवणे हा न्याय नव्हे.

स्लीप ॲप्निया म्हणजे झोपेत श्वास अडणे. घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद होते, रक्तातला प्राणवायू घटतो, मेंदू झोप मोडतो. तासाला 30 वेळा असे झाले तर आजार गंभीर समजतात. सकाळी रुग्णाला काही आठवत नाही. दिवसभर तो पेंगतो आणि लोक त्याला आळशी म्हणतात. एम्सच्या संशोधकांनी 2023 साली मांडलेल्या अंदाजानुसार भारतात कामकरी वयाच्या सुमारे 10 कोटी 40 लाख लोकांना हा आजार आहे.

गरीब माणूस आधी जातो तो गल्लीतल्या दवाखान्यात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात. तिथे रक्तदाब मोजतात, गोळी देतात. झोपेबद्दल कोण विचारतो? अमेरिकेत 2003 साली डॉक्टरांसाठी 'ओसाका' नावाची प्रश्नावली तयार झाली. 18 प्रश्न ज्ञानाचे, 5 दृष्टिकोनाचे. पुढे अनेक देशांत ती वापरली गेली. बहुतेक ठिकाणी चित्र तेच : आजार महत्त्वाचा आहे हे डॉक्टर मान्य करतात, पण तो ओळखून रुग्णाला सांभाळण्याचा आत्मविश्वास त्यांच्यात कमी असतो.

दोष एकट्या डॉक्टरचा नाही. बाहेर रांग, एका रुग्णाला दोन मिनिटे, आणि शंका आलीच तर तपासणीला पाठवायचे कुठे?

तरीही सुरुवात फुकटात होऊ शकते. टोरांटोत 2008 साली तयार झालेल्या 'स्टॉप-बँग' प्रश्नावलीत आठच हो-नाही प्रश्न आहेत. घोरणे, थकवा, झोपेत श्वास थांबलेला कुणी पाहिला का, रक्तदाब, वजन, वय, मानेचा घेर आणि लिंग. वजनकाटा आणि मोजपट्टी पुरे! त्यातून निदान होत नाही, पण कुणाला तपासणीला पाठवायचे ते कळते.

सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे घटनेचे कलम 47 सांगते. म्हणून आमची मागणी साधी आहे. रक्तदाबाच्या प्रत्येक रुग्णाला आणि प्रत्येक व्यावसायिक चालकाला हे आठ प्रश्न विचारा. झोपेची तपासणी जिल्हा रुग्णालयात मोफत करा.

डुलकीला कलम आहे. न विचारलेल्या प्रश्नाला कोणते कलम लावायचे?