सर्किट बोर्डांची देवघेव आणि मोहालीची चिप

चंडीगडसारख्या शहरात हौशी निर्मात्यांचा मेळा भरला आणि कोणी घरी जुळवलेला सिंथेसायझरचा सर्किट बोर्ड दुसऱ्याच्या हाती दिला, तर त्या देवघेवीत बोर्डाची किंमत किरकोळच असते. १९७२ मध्ये बाजारात आलेली ५५५ ही टायमर चिप, काही रेझिस्टर, कपॅसिटर आणि एक स्पीकर एवढ्यावर ध्वनी निघतो. मोलाचा असतो तो बोर्डासोबत दिला जाणारा आराखडा. पॅरिसच्या म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने आपले आराखडे खुले केले होते. २०२२ मध्ये तिने काम थांबवले, तरी तिची वाद्ये हौशी मंडळी आजही बनवू शकतात.

भारतातील अनुभव मात्र निराळा आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये मूग सिंथेसायझर बसवण्यात आला. गीता साराभाई, अतुल देसाई आदींनी त्यावर रचना केल्या. पण हा प्रयोग काही वर्षांतच थंडावला आणि ध्वनिफिती संग्रहात पडून राहिल्या. १९८२ मध्ये मुंबईच्या चरणजित सिंग यांनी रोलंडच्या यंत्रांवर दहा राग वाजवले. दोन्ही वेळा यंत्र परदेशातून आले, त्याची विद्या आली नाही. बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी घडवलेला इलेक्ट्रॉनिक तानपुरा हा याला ठळक अपवाद होय.

तरीही खुला आराखडा पुरेसा नसतो. नेमक्या सुरात राहणाऱ्या दोलकासाठी खास चिप सोयीची ठरते. प्रॉफेट-५ या प्रसिद्ध वाद्यात वापरली गेलेली सीईएम ३३४० ही अमेरिकी चिप दीर्घकाळ बाजारात नव्हती. २०१६ मध्ये तिचे उत्पादन पुन्हा सुरू झाले. लाटवियातील रिगा शहरात सोव्हिएत काळातील कारखान्याचा वारसा सांगणारी अल्फा ही कंपनी तिची प्रतिकृती बनवते. जुन्या तंत्राच्या छोट्या कारखान्याला हौशी वादकांमुळे ग्राहक मिळाला, ही गोष्ट आपल्याकडे दुर्लक्षिली गेली आहे.

कारण असा कारखाना चंडीगडला लागूनच आहे. मोहालीच्या सेमीकंडक्टर संकुलात १९८४ मध्ये उत्पादन सुरू झाले. १९८९ च्या आगीत ते होरपळले आणि २००६ मध्ये अंतराळ विभागाकडे गेले. आता ती प्रयोगशाळा इलेक्ट्रॉनिकी मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. तिथल्या १८० नॅनोमीटर प्रक्रियेवर २०२५ मध्ये ‘विक्रम’ हा प्रक्षेपकांसाठीचा प्रोसेसर साकारला. विद्यार्थ्यांनी आखलेल्या चिपही तिथे तयार झाल्या. मोबाइलसाठी हे तंत्र कालबाह्य असले, तरी ध्वनीसाठी मुबलक आहे. अर्थात, पंधरा व्होल्टवर चालणारा जुना दोलक तिथे जसाच्या तसा उतरणार नाही, कारण मोहालीची प्रक्रिया कमी दाबाची आहे. आराखडा नव्याने करावा लागेल.

सरकारी योजनेचे दार सध्या शिक्षणसंस्था व नवउद्योगांसाठी उघडे आहे. घरी बोर्ड जुळवणाऱ्या एकट्या माणसाला तिथे शिरायचे, तर एखाद्या महाविद्यालयाचे बोट धरूनच जावे लागेल.